माणसं किती आणि हात किती

कुठल्याही कार्याच्या घरात पाऊल टाकलं की काकी आधी मोजायची. मांडवाच्या तोंडाशी उभी राहून, डोळे बारीक करून. "माणसं दीडशे," ती म्हणायची, "आणि हात अकरा." माणसं म्हणजे खुर्च्यांवर बसलेली, टोप्या घालून मिरवणारी, 'वाढा की' म्हणून हाका मारणारी. हात म्हणजे भात उपसणारे, पत्रावळी उचलणारे, विहिरीवरून पाणी आणणारे. राबणाऱ्या माणसाचा ती एकच हात धरायची. दुसरा घाम पुसायला लागतो, असं तिचं म्हणणं. मोजून झालं की पदर खोचायची आणि थेट चुलीकडे जायची. यजमानाला नमस्कार वगैरे नंतर, आठवण राहिली तर.

गावातल्या एका म्हाताऱ्या गुरुजींनी तिचं नाव खानेसुमारी ठेवलं होतं. जनगणनेला पूर्वी तसं म्हणत. पोरं तिला लांबून बघताच ओरडायची, "आली रे खानेसुमारी, उभे राहा!" ती रागवायची नाही. "उबं राहून काय होतंय मेल्यांनो, वाकून दाखवा," एवढंच म्हणायची. ती माझी सख्खी काकी नव्हती. मंडणगडच्या वरच्या अंगाला आमची वाडी, वीस-बावीस घरं, आणि तिच्या खळ्याला लागून आमचं खळं. पण आईच्या हाताखाली जेवढी मी वाढले तेवढीच तिच्याही.

आमच्या वाडीत पुरुष म्हणजे मुंबई. घरटी एक-दोन तरी तिकडे. मागे राहायचे म्हातारे, पोरं आणि बायका. भात लावायचं कोणी? बायकांनी. नाचणी कोणी करायची? बायकांनी. तरव्यासाठी, म्हणजे भाताच्या रोपांसाठी, राब भाजायचा, गुरं सोडायची, बांध घालायचे, काजूच्या बिया वेचायच्या, पावसाळ्याची लाकडं डोंगरातून उतरवायची, हे सगळं बायकांनी. आणि मुंबईहून सणाला आलेला कोणी बाप्या पानाला चुना लावत म्हणायचा, "आमची मंडळी काय, घरीच असते." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आजही कोणी उच्चारलं तर माझी कानशिलं तापतात.

लावणीला एका घरच्या बायकांनी भागत नाही. म्हणून आमच्याकडे सावड. आज सगळ्याजणी तुझ्या शेतात, उद्या सगळ्याजणी माझ्या. पैसा नाही, रोजंदारी नाही. ज्याचं शेत त्याने दुपारची भाकरी घालायची, बस. ही सावड वाडीत जमवायची काकी. कोणाकडे किती हात, कोणाची सून दिवसांत आहे, कोणाचा तरवा आधी तयार होईल, सगळं तिच्या डोक्यात. कागद नाही, पेन्सिल नाही. ज्या घरात हात नव्हता, तिथे ती भाकरीसुद्धा न घेता बायका घेऊन उतरायची. "तिच्या घरात तोंडं पाच आणि हात येकच. मंग काय करील ती?" असा तिचा हिशोब. तालुक्याला बसून योजना आखणाऱ्या साहेबांना हा हिशोब जमला असता तर बरं झालं असतं.

शिमग्याला मुंबईची माणसं भरभरून येत. पालखी नाचवायला खांदे कमी पडत नसत, भांडणं व्हायची त्यावरून. एका वर्षी पालखी बसते त्या सहाणेवर उभी राहून काकीने तिथेच तोंड सोडलं. "हे सगळे सणाचे हात. मोजात धरायचे नाय." गावचे म्हातारे मानकरी खवळले. देवासमोर बाईमाणसाने असं बोलावं? ती म्हणाली, "देवाला काय म्हायती नाय काय?" आणि घरी निघून गेली, कारण गुरांना पाणी दाखवायचं राहिलं होतं. त्या दिवशी मी हसले होते. आज आठवलं की वाटतं, तिच्या बाजूने चार शब्द बोलायला माझ्या जिभेला काय झालं होतं?

पुढे मी रत्नागिरीला कॉलेजात गेले, अर्थशास्त्र घेतलं. शेवटच्या वर्षी प्रकल्प मिळाला, 'आशियातील देशांच्या श्रमशक्तीची तुलना'. सुट्टीत घरी आले आणि खळ्यात चटई टाकून मोठ्या कागदावर तक्ता आखायला बसले. डावीकडे देशांची नावं, पुढे लोकसंख्या, पुढे काम करणारे. काकी आमसुलं वाळत घालता घालता माझ्या मागे येऊन उभी राहिली.

"ह्यें काय गो बाय?"

सांगितलं. आशिया म्हणजे केवढा, त्यात देश किती, कुठल्या देशात माणसं किती आणि त्यातली काम करणारी किती. ती बसलीच खाली. "मंजे माजंच काम की ह्यें!" तिचा आनंद काय सांगू तुम्हाला. ज्या कामावरून तिची आयुष्यभर चेष्टा झाली, तेच काम कोणीतरी एवढ्या मोठ्या खंडाचं करतंय म्हटल्यावर ती हरखून गेली. मग एकेका देशाची वाडी समजून ती चौकशी करू लागली. जपानच्या वाडीत म्हातारे फार, हे ऐकून म्हणाली, "मंजे आमच्यासारकंच." आखातातल्या एका छोट्या देशात घरच्या माणसांपेक्षा बाहेरून आलेले कामकरी कितीतरी जास्त आहेत, असं सांगितलं. खाडीकडच्या गावांतली कितीतरी पोरं तिकडेच गेलेली, ते तिला ठाऊक होतं. ती म्हणाली, "ता घर नव्हं गो. ता लग्नाचा मांडव."

मग आम्ही चीन आणि भारत या दोन ओळींवर आलो. काम करणाऱ्यांत चीन पहिला, आपण दुसरे. मी जरा अभिमानानेच सांगितलं.

"माणसं कोणाची जास्त?"

"जवळजवळ सारखीच. लवकरच आपली पुढे जातील."

"माणसं सारकी, मंग हात येवडे कमी कशे?"

मी म्हटलं, आपल्याकडे पोरं जास्त आहेत. ती म्हणाली, "पोरं काड त्यातनं." काढली. तरी फरक उरला. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मला पुढचा रकाना दाखवावाच लागला. बायकांचा. तिथे चीनच्या बायका, व्हिएतनामच्या बायका कुठल्या कुठे पुढे होत्या आणि आपल्या बायका तळाकडे.

मला वाटलं, तिला वाईट वाटेल. छे! ती भडकली. कपाळाची शीर उठलेली मी पहिल्यांदा बघितली. "कोणी दिला हा आकडा? बोलव त्याला. हितं बोलव. लावणीत बोलव." मी सांगू लागले की घरोघर जाऊन विचारतात. त्यावर तिने जे प्रश्न विचारले ते माझ्या प्राध्यापकांना सुचले नव्हते. मोजायला आलेला माणूस सकाळी आला होता की दुपारी? सकाळी आला असेल तर बायका रानात. मग दार कोणी उघडलं? म्हाताऱ्याने. म्हातारा काय सांगणार? "बायकांचं बापयांना इचारलं की असाच आकडा येणार," ती म्हणाली. मग माझ्याकडे बोट करून म्हणाली, "तू शिकत्येस ना ह्यें? मंग तू मोज. पन आमाला मोजल्याबिगर जाऊ नको हां."

मी शब्द दिला. चटईवर बसून, हातात स्केचपेन धरून दिला. तोंडाला काय जातंय द्यायला!

दोनेक वर्षांनी मला एका संस्थेत कंत्राटी काम मिळालं, रोजगाराच्या सर्वेक्षणाचं. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. नमुन्यासाठी निवडलेल्या गावांची यादी आली आणि तिच्यात आमचं गाव. वाडीतली आठ घरं, त्यात काकीचं. मी आईला फोन केला, आईने काकीला सांगितलं. मग काकीने विहिरीवर फर्मान काढलं, "आपली बाय येत्ये मोजायला. कोनी 'घरीच असत्ये' म्हटलंन तर माज्याशी गाठ हाय." आठ दिवस ती बायकांकडून पाठ करून घेत होती म्हणे. काय काय करता? शेती करत्ये. वर्षाचे किती महिने? बाराही. मोठ्याने सांग.

मे महिना होता. जीप रस्त्यावर उभी, आमचा पर्यवेक्षक आत बसून घामाने वैतागलेला, त्या दिवशीची घरं पुरी झालीच पाहिजेत म्हणून हॉर्न मारतोय. पहिल्या दोन घरांत सुनांनी खणखणीत उत्तरं दिली. तिसरं घर काकीचं.

काका ओटीवर बसले होते. हा माणूस तीस वर्षं मुंबईत एका गोदामात गोणी उचलत होता आणि छातीचं दुखणं घेऊन त्याच वर्षी कायमचा घरी आला होता. दोन पावलं चालला की धाप. ओटीच्या खांबाला टेकून तो दिवसभर रस्ता बघायचा. काकी डोंगरातून लाकडांचा भारा घेऊन तेव्हाच उतरत होती. तिने खळ्यात भारा टाकला. त्या आवाजाने कोंबड्या उडाल्या, हे अजून आठवतं. मानेवरचा घाम पुसत ती पायरीवर बसली आणि माझ्याकडे बघून हसली. तिच्या आयुष्यातला परीक्षेचा दिवस होता तो.

मी प्रश्न वाचला. "गेल्या वर्षभरात तुम्ही मुख्यतः काय काम केलंत?"

तिने तोंड उघडलं. मग तिची नजर काकांकडे गेली. ते इकडेच बघत होते. काही बोलले नाहीत, नुसते बघत होते. काकी मान खाली घालून म्हणाली, "काय नाय. घरीच असत्ये."

मला धक्का बसला आणि रागही आला. एवढी वाघीण, आणि ऐन वेळी ही! टॅबवर 'घरकाम' असा पर्याय होता, तो मी दाबला. त्याच्या खाली पुढचा प्रश्न आला. 'घरकामाबरोबर घरच्या शेतात, बागेत किंवा गुरांसाठी बिनपगारी काम करता का?' आला होता तो प्रश्न! फॉर्म बनवणाऱ्यांना तेवढी अक्कल होती. हा प्रश्न प्रत्येक बाईला मोठ्याने वाचून विचारायचाच, हे प्रशिक्षणात दोनदा सांगितलं होतं. हॉर्न वाजत होता. मी तो वाचला नाही. माझ्या मनाने 'नाही' दाबलं आणि उठले. तिने टाकलेल्या भाऱ्याला वळसा घालून बाहेर पडले, कारण तो वाटेतच पडला होता.

बातमी माझ्या आधी पुढे पोचली. काकीनेच नाही म्हटलं म्हटल्यावर उरलेल्या पाचही घरांत बायकांनी माना खाली घातल्या. घरीच. घरीच. काय नाय, घरीच. मी दाबत गेले.

गाव सोडण्याआधी काकीने मला विहिरीपाशी गाठलं. मीच तोंड सोडलं. "काकी, तू अशी कशी गं बोललीस? दोन वर्षं माझं डोकं खाल्लंस, आणि आज?"

ती शांतपणे म्हणाली, "तो ऐकत होता ना गो. तीस वर्सं राबून आला आनि आता बसलाय. त्याच्या तोंडावर सांगू, की घर मी चालवत्ये? आधीच मेल्यागत झालाय तो." मग तिचा आवाज चढला. "मी नाय म्हटलं. पन तुला डोळे नव्हते काय? भारा कोनी टाकला तुज्यासमोर? तू आमच्यातलीच ना? मी गप बसले, तर तू लिवायचंस! म्हनून तर तू येनार म्हनून मी वाट बगत होते. परका आला असता तर त्याला काय म्हायती?"

मी नियम सांगितला. जे सांगतात तेच लिहायचं असतं, म्हणे. आणि तो दुसरा प्रश्न? तो मी तिला सांगितलाच नाही. तो होता, हेच तिला कळू दिलं नाही. जळलं मेलं माझं शिक्षण! जीपमध्ये बसल्यावर पर्यवेक्षकाला म्हटलं, तिसरं घर परत उघडता येईल का, एक चूक झालीय. तो म्हणाला, गेलं ते, पाठवलं मी. आणि मग घरांची यादी पंख्यासारखी हलवत त्याने मला ज्ञान दिलं. "तुम्हाला माहीत आहे ना, नमुन्यातलं एक घर हजारो घरांच्या वतीने बोलतं. एका मावशीचं काय घेऊन बसलात?" या दोन वाक्यांचा एकमेकांशी काय संबंध आहे हे त्या गाढवाला कळत नव्हतं. मला कळत होतं आणि मी गप्प बसले. मग जास्त मोठं गाढव कोण?

काकीने तो विषय परत काढला नाही. हे तिचं मला सगळ्यात लागलं. दर मे महिन्यात माझ्यासाठी काजूगर आणि आमसुलं ठेवायची, "हडकलीस गो," म्हणायची. एकदाच विचारलं, "तुजा तो तक्ता आला काय?" मी म्हटलं, अजून नाही. आला होता.

गेल्या वर्षी लावणीत तिला ताप भरला. अंग मोडून आलं, डोळे लाल झाले, पोटऱ्या दुखू लागल्या. तीन दिवस ती तशीच चिखलात उतरली. एकीचं शेत राहिलं होतं, त्या घरची सून बाळंतीण, दुसरा हात नाही. "येवडी लावनी होऊ दे," म्हणाली. चौथ्या दिवशी उठलीच नाही. मुलगा दिनू मुंबईहून निघेपर्यंत वाडीतल्या बायकांनी तिला गाडीत घालून दापोलीला नेलं. दोन दिवसांनी ती गेली. लेप्टो, डॉक्टर म्हणाले. शेतातल्या साचलेल्या पाण्यातून होतो, पायाला कुठे चीर असली की आत शिरतो, अनवाणी लावणी करणाऱ्यांना दर पावसात होतो. ज्या बाईच्या नावापुढे मी 'काम नाही' लिहिलं, तिला कामाने मारलं.

पाचव्या दिवशी मृत्यूची नोंद करायला आम्ही पंचायतीत गेलो. दिनू, मी, आणि काका. चालवत नव्हतं, तरी ते रिक्षातून आले. ग्रामसेवक नाव, वय विचारत लिहीत होता. 'मयताचा व्यवसाय' असा रकाना आला.

"काही नाही," दिनू म्हणाला. "घरीच असायची."

मी टेबलावर हात आपटला. पंचायतीतली चार माणसं वळून बघायला लागली, बघू देत. "घरीच? अरे, ती घरी कधी होती ते सांग! तुझ्या शाळेच्या डब्यातला भात कुठून यायचा? मुंबईला डोक्यावर गोणी घेऊन जायचास, त्यातले तांदूळ काय आभाळातून पडायचे?"

"मग काय लिहू?" दिनूही चिडला. "नोकरी होती का तिला?"

ग्रामसेवक बिचारा समजुतीने म्हणाला, "ताई, सगळ्याच बायकांचं आम्ही असंच लिहितो. सातबाऱ्यावर नाव तर यांचं आहे." आणि त्याने काकांकडे बोट दाखवलं.

काका दाराजवळच्या बाकावर बसले होते. खोकल्याची उबळ थांबायला त्यांनी वेळ घेतला. मग म्हणाले, "शेती लिवा."

ग्रामसेवकाने पेन खाली ठेवलं.

"त्या दिवशी ही बाय विचारायला आली होती, तवा मी वटीवर होतो," ते म्हणाले. ग्रामसेवकाकडे नाही, माझ्याकडे बघून. "ती माज्यासाटी नाय म्हनाली. मला समाजलं होतं. मी बोलायला पायजे होतं. मला बरं वाटलं ती नाय म्हनाली तवा. म्हनून गप बसलो." मग त्यांनी परत सांगितलं, "शेती लिवा. माज्या घरात हात येकच होता."

लिहिलं त्याने. 'शेती'. दोन अक्षरं. कामकरी माणसांत काकीची गणती झाली ती अशी, मेल्यानंतर पाचव्या दिवशी.

रिक्षात काकांनी माझा हात धरला होता. त्यांनी आपली चूक चारचौघांत बोलून टाकली. मी माझी त्यांना सांगितली नाही. तिला सांगायची तर संधीच गेली.

मी आता त्याच कामात कायम झालेय. नव्या पोरापोरींना सर्वेक्षणाचं प्रशिक्षण देते आणि तिथे माझं नाव खडूस म्हणून आहे. परवा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, बायका स्वतःच नाही म्हणतात, आपण काय करणार?" मी त्याला सगळ्या वर्गासमोर उभं केलं. म्हटलं, आधी खळ्यात बघ. भारा कोणी टाकलाय, पायाला चिखल कोणाच्या आहे, दारात गुरं कोणाच्या हाकेला येतात. मग खालचा प्रश्न वाच. मोठ्याने वाच, ओटीवरच्या माणसाला ऐकू जाईल असा वाच. हॉर्न वाजतोय? वाजू दे मेल्याला.

आशियाचा तो तक्ता दरवर्षी माझ्या टेबलावर येतो. मोठमोठी माणसं त्यावर भाषणं करतात. चीनच्या बायका बघा, व्हिएतनामच्या बघा, आपल्याच बायका मागे का, संस्कृती म्हणू की शिक्षण म्हणू. मी ऐकते आणि दात आवळून बसते. काकी विचारायची ना, माणसं सारखी, मग हात एवढे कमी कसे? सगळ्यांचं मला माहीत नाही, काकी. पण त्यातले काही हजार कुठे गेले ते मला माहीत आहे. ते मी कमी केले, तुझ्याच खळ्यात उभी राहून, या बोटाने.